नाक, कान आणि बत्तीस कप्पे

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आत्याची एक जाडजूड वही आहे. आत्या गेली अनेक वर्षे आसपासच्या मराठी घरांतल्या मुलांना घरीच मराठी लिहायला शिकवते. ही मुले शाळेत गुजरातीतून किंवा इंग्रजीतून शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि लिहायला बसली की दोन लिप्यांच्या मधोमध अडखळतात. त्यांच्या हातून ज्या शब्दात चूक झाली तो प्रत्येक शब्द आत्याने त्या वहीत टिपला आहे आणि त्यापुढे एक-दोन ओळींत खुलासा लिहिला आहे. शब्द जसे आले तसे उतरवलेले असल्यामुळे हवा तो शब्द शोधायला पाने उलटत बसावे लागते. दिवाळीच्या सुट्टीत आतेभावाने आणि मी मिळून ती वही संगणकावर उतरवली. अर्धी त्याने त्याच्या संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलकाने, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळमांडणीने, टाइप केली, अर्धी मी माझ्या फोनवर. या वाटणीचे परिणाम पुढे भोगावे लागले, पण ते पुढे सांगते.

शब्द दिला की खुलासा मिळावा, एवढेच काम होते. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ते चार ओळींत झाले असते, आणि मी रोजच्या नोकरीत हॅश मॅप, म्हणजे शब्दावरून त्याची नोंद काढून देणारी रचना, गेली कित्येक वर्षे अशाच तयार स्वरूपात वापरत आले आहे. मात्र आतले यंत्र कधी स्वतःच्या हाताने जुळवलेले नव्हते. म्हणून या वहीसाठी ते सी भाषेत मुळापासून लिहायचे असे मी ठरवले. वेग हे कारण मुळीच नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे, कारण सुमारे तीन हजार शब्द अकारविल्हे लावून ठेवले आणि प्रत्येक वेळी मधल्या शब्दाशी तुलना करत निम्मा भाग सोडून दिला, तर जास्तीत जास्त बारा तुलनांत कोणताही शब्द सापडतो. मला पाहायचे होते ते हे, की तुलना करत न जाता थेट जागेवर पोहोचणे कसे शक्य होते.

मूळ कल्पना एका वाक्यात मावते. मेमरीत ठरावीक संख्येचे कप्पे सलग मांडायचे, शब्दावरून हिशेबाने एक मोठी संख्या काढायची, त्या संख्येला कप्प्यांच्या संख्येने भागून जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या कप्प्यात शब्द आणि त्याचा खुलासा ठेवायचा, आणि शोधताना तोच हिशेब पुन्हा करून सरळ त्याच कप्प्यापाशी जायचे. शब्दावरून संख्या काढणारे हे सूत्र म्हणजे हॅश फंक्शन. दोन शब्द एकाच कप्प्यात आले तर काय करायचे, या प्रश्नाचे पहिले उत्तर १९५३ च्या जानेवारीत आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात मांडले होते: कप्प्यात आलेल्या नोंदींची एक साखळी करायची. बँकेच्या कार्डाच्या क्रमांकातला शेवटचा पडताळणीचा अंक ज्या रीतीने काढतात, ती रीतही याच लून यांची. पुढच्याच वर्षाच्या सुमारास आयबीएम ७०१ या यंत्राच्या असेंब्लरसाठी (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामसाठी) जीन ॲमडाल, एलेन मॅकग्रॉ आणि आर्थर सॅम्युएल यांनी दुसरी वाट काढली, ती म्हणजे कप्पा भरलेला असेल तर शेजारचा रिकामा कप्पा धरायचा. सोव्हिएत संघात आंद्रेय येर्शोव यांनाही हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती. मी दोन्ही वाटांनी जाऊन पाहिले.

सुरुवातीला मी बत्तीस कप्पे घेतले. हॅश फंक्शन म्हणून शब्दाचा पहिला बाइट (संगणकात अक्षरे ज्या ० ते २५५ मधल्या संख्यांनी साठवतात, त्यांतली पहिली) घेऊन पाहिला, कारण इंग्रजी शब्दांवर आधारलेल्या कितीतरी धड्यांत पहिल्या अक्षरापासूनच सुरुवात केलेली असते. आत्याच्या वहीतले सगळेच्या सगळे शब्द शून्य क्रमांकाच्या कप्प्यात जाऊन बसले आणि उरलेले एकतीस कप्पे रिकामे राहिले. याचे कारण देवनागरीच्या साठवणीत आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यातला पहिला बाइट कायम २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५ असतो, आणि अक्षराची खरी ओळख बहुतांशी एकट्या तिसऱ्या बाइटवर असते. २२४ ला ३२ ने निःशेष भाग जातो, म्हणून बाकी शून्य. इंग्रजीत तेच फंक्शन सुमार ठरते, मराठीत ते पूर्णपणे निरुपयोगी आहे. शेवटचे अक्षर घ्यावे असेही मनात आले होते, पण 'कर'ने संपणाऱ्या आडनावांचा आमच्या ओळखीतला गोतावळा आठवला आणि तो विचार तिथेच सोडला.

मग सगळ्या बाइटांची बेरीज घेतली. कप्पे भरू लागले, पण 'नाक' आणि 'कान' एकत्र आले, 'वाडा' आणि 'डावा' एकत्र आले. न, काना आणि क ही तीनच चिन्हे दोन्ही शब्दांत आहेत, फक्त क्रम उलटा आहे, आणि बेरजेला क्रम कळत नाही. हे अपेक्षितच होते. क्रमाला किंमत देण्याची रूढ युक्ती अशी, की ५३८१ या संख्येपासून सुरुवात करायची, प्रत्येक पावलाला आतापर्यंतच्या संख्येला ३३ ने गुणायचे आणि त्यात पुढचा बाइट मिळवायचा. हे सूत्र फार प्रसिद्ध आहे आणि अनेक प्रणालींत वापरले गेले आहे. मी ते चौसष्ट बिटांच्या, म्हणजे ० आणि १ अशा चौसष्ट अंकांच्या, संख्येवर लिहिले आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. 'नाक' आणि 'कान' अजूनही एकाच कप्प्यात होते, 'वाडा' आणि 'डावा' सुद्धा.

त्या संध्याकाळचा बराच वेळ मी माझ्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात घालवला, आणि चूक प्रोग्राममध्ये नव्हतीच. कारण कागदावर मांडल्यावर दिसले. ३३ ला ३२ ने भागले तर बाकी १ उरते. म्हणजे ३२ च्या बाकीपुरते पाहिले तर ३३ ने गुणणे आणि १ ने गुणणे यांत काहीही फरक नाही. मोठी संख्या प्रत्येक पावलाला पार बदलत होती, पण मी तिचा जो भाग वापरत होते, ती शेवटची पाच बिटे, तेवढा भाग साध्या बेरजेपेक्षा वेगळे काहीही करत नव्हता. ३३ ऐवजी जावाच्या स्ट्रिंगमध्ये वापरला जाणारा ३१ घेतला तरी सुटका नाही, कारण ३२ च्या हिशेबात ३१ म्हणजे उणे एक. तिथे एकाआड एक बाइट मिळवला आणि वजा केला जातो. देवनागरीत एक चिन्ह तीन बाइटांचे असल्यामुळे 'नाक' मधला न आणि क यांचे वेगळेपण दाखवणारे बाइट एकमेकांपासून सहा पावलांवर येतात, सहा ही सम संख्या आहे, म्हणून दोघांची खूण एकच राहते आणि अदलाबदल पुन्हा अदृश्य होते.

ही गोष्ट मला कोणत्याही तयार साधनाने कधीच दाखवली नसती. गुणाकाराचा अंक स्वतःपुरता चांगला किंवा वाईट नसतो, कप्प्यांच्या संख्येबरोबर त्याचे कसे जुळते यावर सगळे ठरते. कप्पे ३२ ऐवजी ३७ घेताच, म्हणजे मूळ संख्या घेताच, नाक आणि कान वेगळे झाले. पण मला पुढे कप्पे दुपटीने वाढवत न्यायचे होते आणि प्रत्येक वेळी नवी मूळ संख्या शोधायची नव्हती, म्हणून मी दुसरा उपाय पत्करला. हिशेबाच्या शेवटी त्या चौसष्ट बिटांच्या संख्येची मधोमध घडी घालायची, म्हणजे वरची बत्तीस बिटे खालच्या बत्तीस बिटांशी एक्सॉर करायची (दोन बिटे वेगळी असतील तिथे १, सारखी असतील तिथे ०), आणि मगच बाकी काढायची. नाक-कानसारख्या अदलाबदलीचा फरक वरच्या बिटांत शाबूत असतो. घडी घातल्याने तो खाली उतरतो. जावाच्या हॅश मॅपमध्येही कप्पा ठरवण्यापूर्वी वरची सोळा बिटे अशीच खाली आणली जातात. ते का, याचा मी आजवर कधी विचारच केला नव्हता.

वहीतले शब्द आता बऱ्यापैकी विखुरले. पडद्यावर यादी पाहून आत्याने पहिला प्रश्न विचारला, "अगं, पण हे शब्द असे कसेही का आलेत? 'दगड' च्या शेजारी 'वीज' कशी?" प्रश्न अगदी रास्त होता. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत आम्ही दोघी लहानपणापासून जात आलो आहोत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, आणि त्या व्यवस्थेचा गाभा वर्गीकरण हाच होता: एका विषयाची पुस्तके एकमेकांजवळ असावीत, म्हणजे एक घ्यायला गेलेल्याच्या हाती दुसरेही लागावे. हॅश मॅप याच्या बरोबर उलट वागतो. 'दगड' आणि 'दगडी' हे शब्द एकमेकांपासून जितके दूर पडतील तितके त्याचे काम चोख. शेजार हवा असेल, अकारविल्हे क्रम हवा असेल, तर तो वेगळा राखावा लागतो. थेट पोहोचण्याची ही किंमत आहे, आणि ती मोजायची की नाही हे काम पाहून ठरवावे. आत्यासाठी मी छपाईपुरती यादी वेगळी लावून देते.

कितीही चांगले विखुरले तरी टकरी होतातच, आणि आपल्याला वाटते त्यापेक्षा फार लवकर होतात. बत्तीस कप्प्यांत अगदी निःपक्षपणे शब्द टाकत गेलो, तर सातव्या शब्दापर्यंत कुठेतरी दोन शब्द एकत्र येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त झालेली असते. बत्तीस कप्प्यांत बत्तीस शब्द टाकले तर सरासरी अकरा-बारा कप्पे रिकामेच राहतात, आणि तेवढी गर्दी दुसरीकडे होते. तेव्हा टक्कर हा अपवाद मानून प्रोग्राम लिहिता येत नाही. लून यांच्या वाटेने मी प्रत्येक कप्प्याला एक लिंक्ड लिस्ट, म्हणजे नोंदींची साखळी, लावली. पहिल्या प्रयत्नात मी शब्दाची प्रत न करता फक्त त्याचा पत्ता साठवला होता, आणि फाइलमधून प्रत्येक ओळ त्याच जागेत वाचली जात असल्यामुळे शेवटी सगळ्या कप्प्यांत वहीतला शेवटचा शब्द दिसू लागला. शब्दाची स्वतंत्र प्रत हॅश मॅपच्या मालकीची असली पाहिजे, आणि एकदा ठेवलेला शब्द बाहेरून कोणी बदलता कामा नये, हे त्यानंतर मी पक्के केले.

दुसऱ्या वाटेने, म्हणजे शेजारचा रिकामा कप्पा धरण्याच्या रीतीने लिहिलेला प्रोग्राम सुरुवातीला अधिक देखणा वाटला. साखळ्या नाहीत, पॉइंटर (मेमरीतले पत्ते) नाहीत, सगळे सलग. मग आत्याने दोनदा आलेला एक शब्द काढून टाकायला सांगितला आणि त्याच्याबरोबर भलताच एक शब्द सापडेनासा झाला. झाले होते असे, की तो दुसरा शब्द मुळात पहिल्याच्याच कप्प्यात यायचा होता, तिथे जागा नसल्यामुळे पुढच्या कप्प्यात बसला होता. पहिला शब्द काढून मी कप्पा रिकामा केला, आणि शोध घेणारा भाग रिकामा कप्पा दिसताच शब्द नाही असे समजून थांबू लागला. शब्द जागेवर होता, त्याच्याकडे जाणारी वाट तुटली होती. म्हणून या रीतीत काढलेल्या जागी एक खूण ठेवावी लागते: इथे कोणी होते, पुढे पाहत जा. अशा खुणा साचत गेल्या की शोध मंदावतो आणि कधीतरी सगळे नव्याने मांडावे लागते. शिवाय गर्दीचा त्रास या रीतीला फार तीव्रतेने होतो. डोनाल्ड क्नूथ यांनी १९६३ च्या सुमारास केलेल्या गणितानुसार, निम्मे कप्पे भरलेले असताना नसलेला शब्द शोधायला सरासरी अडीच कप्पे पाहावे लागतात, तीन चतुर्थांश भरले की साडेआठ, आणि नव्वद टक्के भरले की पन्नासाहून अधिक. मी साखळीकडे परत आले. मोठ्या आणि वेगवान कामांत सलग मेमरीचा फायदा खरा आहे, पायथनचा डिक्शनरी याच दुसऱ्या घराण्यातला आहे, पण या वहीसाठी साखळी मला अधिक निर्धोक वाटते.

कप्पे वाढवण्याचा भाग त्या मानाने सोपा गेला. शब्दांची संख्या कप्प्यांच्या पाऊणपटीपलीकडे गेली की कप्पे दुप्पट करायचे आणि प्रत्येक शब्दाची जागा नव्याने काढायची, कारण भाजक बदलला की बाकीही बदलू शकते. हे ऐकायला खर्चिक वाटते. प्रत्यक्षात ३२ पासून ४,०९६ पर्यंत सात वेळा दुप्पट करताना मिळून ३,०४८ शब्द हलवावे लागले, म्हणजे वहीतल्या प्रत्येक शब्दामागे साधारण एक हलवणे. प्रत्येक शब्दाबरोबर त्याची पूर्ण हॅश संख्याही साठवून ठेवली तर हलवताना हिशेब पुन्हा करावा लागत नाही, आणि शोधतानाही आधी संख्या जुळते का हे पाहून मगच अक्षरे जुळवता येतात.

एवढे झाल्यावर काम संपले असे वाटले होते. मग आत्याने स्वतः 'दऱ्या' हा शब्द टाइप करून शोधला आणि प्रोग्रामने तो नाही असे सांगितले. यादीत तो डोळ्यांना स्पष्ट दिसत होता.

दोन्ही बाजूंचे बाइट छापून पाहिल्यावर उलगडा झाला. 'दऱ्या' मधला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतात, एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. आतेभावाच्या इनस्क्रिप्ट कळफलकाने ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य असे साठवले होते. माझ्या फोनने साधा र, हलन्त, त्यानंतर जोडणीचे एक अदृश्य चिन्ह आणि मग य असे साठवले होते. याखेरीज र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशी तिसरी रीतही आहे. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात, हॅश फंक्शनला ते तीन वेगळे शब्द आहेत. 'ॲ' चेही तसेच आहे: ते एक स्वतंत्र चिन्ह म्हणून येते किंवा अ वर चंद्र देऊन येते, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणात ही दोन रूपे एक होत नाहीत.

माझा पहिला उपाय घाईचा होता. अदृश्य चिन्ह दिसले की ते गाळून टाकायचे, असे मी लिहिले. आत्याला दाखवले तेव्हा तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "दर्या आणि दऱ्या एक केलेस तू. मुलांना हाच फरक शिकवण्यात माझी निम्मी वर्षे गेली." ते खरेच होते. अदृश्य चिन्ह गाळले की उरतो तो साधा रफार, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. आचाऱ्यांना दिलेली दक्षिणा आचार्यांना पोहोचते. गुजराती लिपीत हा अर्धा र नाहीच, म्हणून गुजराती आधी शिकलेली आमच्याकडची मुले नेमकी इथेच चुकतात, आणि वहीचे पहिले पान त्यामुळेच या शब्दांनी भरलेले आहे. माझ्या प्रोग्रामने तीच चूक सगळ्या वहीवर एकदम लादली होती.

हॅश मॅपचा एक नियम पुस्तकांत ठळकपणे दिलेला असतो: दोन शब्द सारखे असतील तर त्यांची हॅश संख्या सारखी आलीच पाहिजे. मी तो नियम कित्येकदा वाचला होता आणि सगळे लक्ष संख्येकडे दिले होते. 'सारखे' म्हणजे काय, हे त्या नियमात कुठेही सांगितलेले नसते. ते ज्याची वही आहे त्याने ठरवायचे असते. इथे ते आत्याने ठरवले. तिच्याबरोबर बसून मी रूपांतराचे नियम लिहिले. नुक्त्याचा र आणि ऱ एकच. र, हलन्त आणि अदृश्य जोडणी असा क्रम आला तर त्याऐवजी ऱ आणि हलन्त ठेवायचे, काही गाळायचे नाही. अ वरचा चंद्र आणि 'ॲ' एकच. मागेपुढे राहिलेली मोकळी जागा काढायची. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कधीही एक करायचे नाहीत, कारण वहीत 'दिन' आणि 'दीन' यांच्यासाठी वेगळे खुलासे आहेत. शब्द ठेवताना आणि शोधताना तो आधी या नियमांतून जातो आणि मगच त्याची संख्या काढली जाते. शब्द जुळवणारा भागही याच रूपावर चालतो. नियम लावल्यावर वहीतल्या काही नोंदी एकमेकींवर आल्या. तो एकच शब्द आम्ही दोघांनी दोन रीतींनी टाइप केलेला होता.

सध्या ४,०९६ कप्पे आहेत आणि २,९०० हून थोडे अधिक शब्द. शनिवारच्या शिकवणीनंतर आत्या चार-पाच नवे शब्द स्वतः भरते. ३,०७२ वा शब्द बसेपर्यंत कप्पे तेवढेच राहतील, आणि त्यापुढचा एक शब्द आला की ते ८,१९२ होतील आणि सगळ्या शब्दांची जागा एकदा नव्याने काढली जाईल. हे मी तिला सांगितले तेव्हा तिने वहीच्या मागच्या पानावर ३,०७३ हा आकडा लिहून त्यापुढे जागा मोकळी सोडली आहे.